आपण कोण, हे मुलाला आधी कोणी सांगावे?

प्रत्येक मूल आपला वर्ण घेऊन जन्मते. त्या वर्णाचा अर्थ मात्र त्याला इतरांकडून मिळतो. हे विधान वरकरणी साधे वाटेल. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचा दीडशे वर्षांचा अनुभव डोळ्यांपुढे आणला, की त्यात किती दुःख आणि किती परिश्रम सामावलेले आहेत, हे ध्यानात येते. नायजेरियात वाढलेल्या विख्यात लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी अनेकदा सांगितले आहे की, मायदेशी असेपर्यंत त्यांनी स्वतःला ‘कृष्णवर्णीय’ म्हणून कधी ओळखलेच नव्हते. तेथे त्या इग्बो समाजाच्या होत्या, एका सुशिक्षित घरातील कन्या होत्या. शिक्षणासाठी अमेरिकेत आल्यावर लोकांच्या नजरेने त्यांना कृष्णवर्णीय केले. कातडी तीच होती. तिच्याकडे पाहणारा समाज बदलला होता.

तो समाज आपली नजर कायद्यातही उतरवत असे. १९२४ साली व्हर्जिनिया राज्याने केलेल्या कायद्यानुसार ज्याच्या पूर्वजांत कृष्णवर्णीय रक्ताचा लवलेशही असेल, तो गोरा गणला जात नसे. मग त्याचा वर्ण कितीही उजळ असो, त्याच्यासाठी शाळा वेगळी, वस्ती वेगळी आणि गोऱ्या व्यक्तीशी विवाह हा गुन्हा. विवाहावरील ही बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती १९६७ साली. म्हणजे कोण कृष्णवर्णीय आणि कोण नाही, हे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरूनही ठरत नव्हते. ते ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी ठरवले होते.

ओळख अशी बाहेरून लादली जात असेल, तर ज्याच्यावर ती लादली जाते त्याच्या हाती काय उरते? माझ्या मते, एक फार मोठी गोष्ट उरते. ती ओळख मुलाला कोणाच्या तोंडून, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या सोबतीत प्रथम कळावी, हे त्याचे घर आणि त्याचा समाज ठरवू शकतो. अपमान करणाऱ्याने ती आधी सांगितली, तर ती जखम होते. आपल्या माणसांनी ती आधी सांगितली आणि तिच्यासोबत पूर्वजांचा वारसाही हाती दिला, तर त्याच ओळखीतून स्वाभिमान उभा राहतो. निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे कारणही हेच आहे. घरापासून दूर राहणाऱ्या मुलासाठी शाळा हेच घर असते आणि शाळा हाच समाज असतो.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. त्यांचा जन्म १८६८ सालचा, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावातला. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे अगदी मोजकी. ड्यू बॉइस गोऱ्या मुलांबरोबरच शिकत, खेळत आणि अभ्यासात त्यांच्या पुढे असत. एकदा वर्गातील मुलामुलींनी हौसेने विकत आणलेली भेटपत्रे एकमेकांना देण्याचा खेळ मांडला. गावात नव्याने आलेल्या एका मुलीने त्यांचे पत्र घेण्यास नकार दिला. आपण इतरांहून वेगळे आहोत आणि आपल्यामध्ये व या जगामध्ये एक पडदा आहे, ही जाणीव त्या क्षणी आपल्याला प्रथम झाली, असे त्यांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात नमूद केले आहे. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तेही तुच्छतेने पाहणाऱ्याच्या, डोळ्यांनी पाहावे लागणे म्हणजे दुहेरी जाणीव, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धान्तही याच ग्रंथातला.

या प्रसंगाची चर्चा पुष्कळ होते; त्यानंतर जे घडले त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. १८८५ साली ड्यू बॉइस दक्षिणेतील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात दाखल झाले. गृहयुद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली ती संस्था. आपल्याच वर्णाचे, बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी असे इतके तरुण-तरुणी त्यांनी आयुष्यात प्रथमच एकत्र पाहिले. सुट्टीत ते टेनेसीच्या खेड्यांत जाऊन गरीब कृष्णवर्णीय मुलांना शिकवत. ग्रेट बॅरिंग्टनमध्ये जी ओळख त्यांना एकटेपणात आणि नकारातून मिळाली होती, तीच फिस्कमध्ये सहवासातून आणि अभिमानाने मिळाली. दक्षिणेत वर्णद्वेष उत्तरेपेक्षा कितीतरी अधिक क्रूर होता; तरीही ड्यू बॉइस खऱ्या अर्थाने आपल्या लोकांचे झाले ते तेथेच. पुढे १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ठरले. परंतु आपला पाया ते फिस्कमध्येच शोधत राहिले.

समाजाची नजर मुलाच्या मनात किती लवकर उतरते, हे केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने दाखवून दिले. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग वगळता सर्वस्वी सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. काही गोऱ्या, काही तपकिरी. चांगली बाहुली कोणती, वाईट दिसणारी कोणती, तुला खेळायला कोणती आवडेल, असे साधे प्रश्न विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटी विचारले, तुझ्यासारखी दिसणारी कोणती? नुकतीच जिला वाईट म्हटले, तिच्याकडेच बोट दाखवायची वेळ आली तेव्हा काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर निघून गेली. सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १७ मे १९५४ च्या ऐतिहासिक निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा आधार घेतलेला आहे.

या प्रयोगातील एक निष्कर्ष सहसा सांगितला जात नाही. क्लार्क यांनी दक्षिणेतील आर्कान्सामधील विभाजित शाळांतील मुले आणि उत्तरेतील स्प्रिंगफिल्ड येथील मिश्र शाळांतील मुले यांची तुलना केली होती. गोऱ्या बाहुलीची ओढ मिश्र शाळांतील मुलांमध्ये थोडी अधिकच आढळली. याचा अर्थ विभाजन बरे होते, असा कोणी घेऊ नये. विभाजित शाळेला पैसा कमी, पुस्तके जुनी, इमारत मोडकी, आणि ‘तुमची पात्रता एवढीच’ हा संदेश त्या मोडक्या भिंतीच देत असत. अर्थ इतकाच की, गोऱ्या मुलांशेजारी बाकावर जागा मिळाली म्हणून मुलाच्या मनातील अढी आपोआप जात नाही. त्यासाठी आणखी कोणीतरी, काहीतरी करावे लागते.

ते कोण करते, याचे उत्तर पुढील संशोधनात मिळते. विल्यम क्रॉस या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, बाहुलीच्या निवडीवरून मूल स्वतःचा तिरस्कार करते असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. आत्मसन्मान प्रत्यक्ष मोजणाऱ्या अनेक अभ्यासांत कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांहून उणी आढळली नाहीत. मूल स्वतःचे मोल करते ते प्रथम आई-वडील, आजी, शेजारी, शिक्षक आणि सवंगडी यांच्या डोळ्यांत पाहून. त्या डोळ्यांत आदर असेल, तर बाहेरच्या जगाची तुच्छता त्याला दिसते, टोचते. पण ती त्याचा निवाडा होत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बालपणातील प्रसंग हेच सांगतो. समोरच्या दुकानदाराचा गोरा मुलगा त्यांचा खेळगडी होता. दोघे शाळेत जाऊ लागले, तेही वेगवेगळ्या, आणि सहा वर्षांच्या मार्टिनला त्या मित्राने सांगितले की, यापुढे तुझ्याशी खेळायचे नाही असे वडील म्हणतात. त्या दिवशी जेवणाच्या मेजावर आई-वडिलांनी विषय टाळला नाही. गुलामगिरी काय होती, ती कशी संपली, आजची बंधने कोठून आली, हे सारे त्यांनी त्याला समजावून सांगितले. आईने बजावले की, तू कोणाहूनही कमी नाहीस. गोऱ्यांचा द्वेष करू नकोस, हेही त्याच बैठकीत सांगितले गेले. पुढे एकदा जोड्यांच्या दुकानात विक्रेत्याने ‘मागच्या बाजूला बसा’ म्हणताच वडील मुलाचा हात धरून जोडे न घेताच बाहेर पडले. आईने जे शब्दांत सांगितले होते, ते वडिलांनी कृतीतून दाखवले.

रोझा पार्क्स यांचीही जडणघडण अशीच झाली. अलाबामातील पाइन लेव्हल येथे क्लू क्लक्स क्लॅनचे लोक रात्री रस्त्यावरून फिरत तेव्हा त्यांचे आजोबा बंदूक जवळ घेऊन जागत बसत आणि लहानगी रोझा त्यांच्या पायाशी बसून राही. नंतर माँटगोमेरी येथे मुलींच्या ज्या शाळेत त्या शिकल्या, तेथे स्वयंपाक, शिवण यांच्याबरोबर आपण प्रतिष्ठा असलेले माणूस आहोत हा धडा मिळाला, असे त्यांनी आवर्जून लिहिले आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील आसन सोडण्यास त्यांनी दिलेला नकार हा एका थकलेल्या स्त्रीचा क्षणिक हट्ट होता, अशी कथा प्रचलित आहे. ती त्यांनी स्वतःच खोडून काढली. त्या नकाराला घर, शाळा आणि अनेक वर्षांचे संघटनेतील काम यांनी आकार दिला होता.

घराचा हा आधार तुटतो तेव्हा काय होते, ते माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्रात वाचावे. त्यांचे वडील मार्कस गार्वी यांच्या चळवळीचे प्रचारक होते आणि मुलाला सभांना सोबत नेत. १९३१ साली वडिलांचा मृत्यू झाला, पुढे आईला मनोरुग्णालयात जावे लागले आणि भावंडे विखुरली. माल्कम मिशिगनमधील एका गोऱ्या कुटुंबाच्या देखरेखीखाली राहू लागले. ते लोक मायाळू होते. पण त्यांच्यादेखत कृष्णवर्णीयांविषयी हीन शब्द सहज वापरत. लाडक्या पाळीव प्राण्याला वागवावे तसे आपल्याला वागवले जात होते, असे माल्कम म्हणतात. शाळेत ते हुशार होते, वर्गाचे प्रमुखही निवडून आले. मला वकील व्हायचे आहे, असे त्यांनी सांगताच शिक्षकांनी सल्ला दिला की, तुझ्यासारख्याने व्यवहारी असावे, सुतारकाम शिकावे. त्यांच्याहून कमी गुण असलेल्या गोऱ्या मुलांना मात्र त्याच शिक्षकांनी प्रोत्साहन दिले होते. ती माया होती. तिच्यात आदर नव्हता. पुढे तारुण्यात केस गोऱ्यांसारखे सरळ दिसावेत म्हणून टाळू भाजणारे तिखट रसायन त्यांनी डोक्याला लावले, त्याचे वर्णन करताना ती आपल्या आत्मावमाननेची पहिली मोठी पायरी होती, असे ते लिहितात. वडिलांच्या सभांतून ऐकलेले बीज पुन्हा रुजायला तुरुंगातील वाचन आणि भावंडांनी पाठवलेली पत्रे यावी लागली.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घ्यायला हवा. अनेक सुजाण पालक म्हणतात, मुलाला हे सारे सांगायचेच कशाला? आपण भोगले ते पुरे झाले. त्याचे बालपण निर्मळ राहू द्यावे. भेद विसरला तरच भेद संपेल. या भूमिकेमागील प्रेमाविषयी मला शंका नाही. पण अनुभव तिच्या बाजूने उभा राहत नाही. घराने मौन पाळले म्हणून जग मौन पाळत नाही. मुलाला ते कळतेच. फक्त ते कळते तेव्हा त्याच्याजवळ कोणी नसते. शिवाय घरात ज्याविषयी कधीच बोलले जात नाही, ते काहीतरी लज्जास्पद असले पाहिजे, असाच अर्थ मूल लावते.

हा वाद अमेरिकेत दत्तकविधानाच्या निमित्ताने तीव्रपणे झडला. १९७२ साली कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने निवेदन काढून कृष्णवर्णीय मुले गोऱ्या कुटुंबांत देण्यास विरोध केला. गोऱ्या घरात ती वर्णद्वेषाशी झुंजायला शिकणार नाहीत आणि आपल्या लोकांपासून तुटतील, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने सांगितले गेले की, वर्णाच्या आग्रहापायी मुले वर्षानुवर्षे अनाथालयात किंवा तात्पुरत्या घरांत ठेवणे हा अन्यायच आहे. १९९४ च्या संघीय कायद्याने केवळ वर्णाच्या कारणावरून दत्तकविधान रोखण्यास मनाई केली. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. मुलाला घर हवे, यात दुमत असू नये. पण घर मिळाले म्हणजे ओळख मिळाली असे नव्हे. आई-वडिलांचा वर्ण कोणताही असो, त्यांनी मुलासाठी त्याच्या समाजाचे दार उघडले पाहिजे.

हे दार उघडता येते, याची दोन ठळक उदाहरणे आहेत. बराक ओबामा यांना गोरी आई आणि गोरे आजी-आजोबा यांनी वाढवले; केनियाई वडील दूर निघून गेले होते. इंडोनेशियात राहत असताना आई मुलासाठी नागरी हक्क चळवळीची पुस्तके आणि महालिया जॅक्सन यांच्या गायनाच्या तबकड्या घरी आणत असे. तेवढ्याने त्यांचा शोध संपला नाही; शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्तीत संघटक म्हणून केलेले काम आणि तेथील चर्च यांतून तो पूर्ण होत गेला. दुसरे उदाहरण कमला हॅरिस यांचे. त्यांच्या आई श्यामला गोपालन या मूळच्या चेन्नईच्या, कर्करोगाच्या संशोधक. आपण भारतीय असलो, तरी अमेरिका आपल्या दोन्ही मुलींकडे कृष्णवर्णीय म्हणूनच पाहणार, हे त्यांनी ओळखले आणि मुलींना आत्मविश्वासाने उभ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया म्हणून वाढवायचे ठरवले. बर्कली येथील कृष्णवर्णीयांचे सांस्कृतिक केंद्र, ओकलंडमधील चर्च, शेजारच्या घरातील सहवास, आणि पुढे हॉवर्ड विद्यापीठ, अशी ती वाट होती. जन्मदात्री आपल्या समाजाची नसतानाही ओळख देऊ शकते, तर ती रक्तातून येते असे कसे म्हणावे? ती द्यावी लागते.

एकट्या घराला हे पेलत नाही, हे कृष्णवर्णीय समाजाने फार पूर्वी ओळखले. ज्या शाळेच्या पुस्तकात आपला एकही पूर्वज नाही, तेथे शिकणाऱ्या मुलाला आपल्याला इतिहासच नाही असे वाटू लागते. म्हणून ड्यू बॉइस यांनी लेखिका जेसी फॉसेट यांच्या साहाय्याने १९२० व १९२१ या दोन वर्षांत कृष्णवर्णीय मुलांसाठी ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक चालवले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आई-वडिलांचे पुत्र आणि तरुणपणी कोळसाखाणीत राबलेले इतिहासकार कार्टर वुडसन यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज तो संपूर्ण महिनाभर पाळला जातो. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात चाळीसहून अधिक ‘स्वातंत्र्यशाळा’ उभ्या राहिल्या, बहुधा चर्चच्या तळघरांत आणि अंगणांत. तेथे मुलांना वाचन-लेखनाबरोबर प्रश्न विचारायला शिकवले जाई.

निवासी शाळेशी ज्यांचे नाते आहे त्यांना मेरी मॅक्लिऑड बेथून यांचे कार्य विशेष जवळचे वाटेल. सतरा भावंडांच्या कुटुंबात जन्मलेल्या या बाईंनी १९०४ साली फ्लोरिडातील डेटोना येथे अवघ्या दीड डॉलरच्या भांडवलावर पाच मुलींची शाळा काढली. टाकून दिलेली खोकी हीच बाके आणि मेजे, जळक्या काटक्यांच्या पेन्सिली, रानफळांच्या रसाची शाई. रताळ्याची गोड पक्वान्ने विकून त्या खर्च भागवत. त्याच शाळेचे आज बेथून-कुकमन विद्यापीठ झाले आहे. तुमच्यासारख्याच घरातून आलेली, तुमच्याच वर्णाची एक स्त्री हे सारे उभे करू शकते, हा त्या मुलींसाठी रोजचा, न बोलता मिळणारा पाठ होता.

मुलांशी काय बोलावे, यालाही महत्त्व आहे. डायान ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. आपल्या संस्कृतीचा व पूर्वजांचा अभिमान देणे, भेदभावाला तोंड द्यायला तयार करणे, इतरांविषयी अविश्वास शिकवणे, आणि केवळ समतेचा उपदेश करणे किंवा गप्प राहणे, असे पालकांच्या शिकवणुकीचे चार प्रकार त्यात मांडले आहेत. अभिमानाच्या शिकवणुकीचा मुलांच्या आत्मसन्मानाशी चांगला संबंध दिसतो. केवळ अविश्वासाच्या शिकवणुकीने मुलांचे भले होताना दिसत नाही. किंग यांच्या आईने हे तारतम्य कोणत्याही संशोधनाशिवाय जाणले होते.

समाजानेही आपल्या मुलांशी वागताना सावध असावे. ओळख देणारा समाज कधीकधी तीच ओळख साच्यासारखी वापरतो. ‘तू आमच्यासारखा बोलत नाहीस, तू खरा कृष्णवर्णीय नाहीस,’ हे वाक्य अनेक मुलांना स्वजनांकडूनच ऐकावे लागते. उजळ वर्णाला अधिक मान देण्याची गुलामगिरीच्या काळापासूनची रीत त्या समाजातही मुरलेली आहे. कॅरिबियन बेटांवरून आलेला, आफ्रिकेतून आलेला, मिश्र विवाहातून जन्मलेला, या सर्वांना सामावून घेईल इतकी ती ओळख ऐसपैस हवी. आधार म्हणून दिलेली काठी मुलाच्या पायातील बेडी होऊ नये.

आपल्या समाजाला हा इतिहास परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागवली आणि ड्यू बॉइस यांनी त्याला आस्थेने उत्तर दिले. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. १९५९ च्या भारतभेटीत केरळमधील एका शाळेत मुख्याध्यापकांनी आपली ओळख ‘अमेरिकेतील एक अस्पृश्य’ अशी करून दिली, असे किंग यांनी पुढे सांगितले. प्रथम त्यांना धक्का बसला, रागही आला. मग आपल्या लोकांची स्थिती आठवून त्यांनी ती ओळख मान्य केली.

तरीही दोन अनुभव एकरूप नाहीत. वर्ण लपत नाही. जात लपवता येते, निदान काही काळ. आडनाव बदलून, वस्ती सोडून, घरातील तसबिरी आतल्या खोलीत नेऊन मौन पाळण्याचा मार्ग आपल्या पालकांपुढे मोकळा असतो, जो कृष्णवर्णीय पालकांना कधीच नव्हता. म्हणूनच त्यांचा अनुभव आपल्याला अधिक निकडीने लागू पडतो. शहरात स्थिरावलेल्या घरातील मूल महाविद्यालयाच्या वसतिगृहात पाऊल ठेवते, प्रवेशाची यादी लागते, कोणीतरी गुणांविषयी कुत्सितपणे बोलते, आणि घराने न सांगितलेली गोष्ट परक्याच्या तोंडून त्याला कळते. ग्रेट बॅरिंग्टनमधील भेटपत्राचाच तो प्रसंग असतो. मात्र मुलाला परतायला जवळ फिस्क नसते.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर त्यांच्या जातीचे नव्हते. पण बैलगाडीवाल्याने, न्हाव्याने, शाळेतील पाण्याच्या भांड्याने ज्या मुलाला तो कोण आहे हे सांगितले होते, त्याच्या हाती त्यांनी दुसरे उत्तर ठेवले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको.

पालकांना माझी विनंती आहे की, मूल आठ-दहा वर्षांचे झाले की त्याच्याशी बोलावे. आपण काय भोगले याबरोबरच आपल्या माणसांनी काय उभे केले, तेही सांगावे, आणि त्याच्या मनात कोणाविषयी द्वेष पेरू नये. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, वर्षातून निदान दोनदा शाळेत येऊन मुलांबरोबर एक दिवस राहावे. आपल्यासारख्याच घरातून आलेला अभियंता, परिचारिका, शेतकरी, शिक्षक, लेखक त्यांच्या पंगतीत बसून जेवला, तर भाषणाहून त्याचा उपयोग अधिक होईल. आणि शाळेने ग्रंथालयातील एक कपाट फुले-आंबेडकरांच्या चरित्रांसोबत ड्यू बॉइस, बेथून आणि किंग यांच्या चरित्रांसाठी राखावे. त्या कपाटाला कुलूप नसावे.